रास्त किमतीची पद्मिनी, सीट एक कमी

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात अख्खी मुंबई कोकणात यायला निघते, आणि आम्ही दोघं चिपळूणहून मुंबईला निघालो. शेजारणीने विचारलं, कुणी आजारी आहे का. मी म्हटलं, गाडी बघायला चाललोय. ती म्हणाली, चिपळुणात काय गाड्या मिळत नाहीत? आता तिला काय सांगणार, की आम्हाला चालणारी गाडी नकोच होती.

ऑनलाइन जाहिरातींत अशा गाडीला प्रोजेक्ट कार म्हणतात. म्हणजे जुनी, बंद पडलेली, पण कुणी हौसेने हात घातला तर उभी राहील अशी. हौशी माणूस म्हणजे आमचे प्रकाशराव. नोकरी सगळी एमआयडीसीत फिटर म्हणून झाली. आमच्या दारात जुनी पद्मिनी होती आणि रविवारी तिच्या बॉनेटखाली डोकं घालून बसणं हा त्यांचा देवधर्म होता. मग तो पूर आला. पाणी ओसरलं तेव्हा गाडी होती, पण तिच्यात कमरेइतका चिखल होता. भंगारवाला आला आणि तिला घेऊन गेला. त्यानंतर प्रकाशरावांची अँजिओप्लास्टी झाली, नोकरी संपली, आणि हा माणूस झोपाळ्यावर जाऊन बसला तो बसलाच. बोलणं म्हणजे हो, नाही, बघू. डॉक्टर म्हणाले हलकं काम करू दे, मन रमू दे. मन रमायला आधी ते कुठे आहे ते सापडायला हवं ना.

मग गेल्या उन्हाळ्यात मोबाइलवर जुन्या पद्मिनीच्या जाहिराती बघताना मी त्यांना पकडलं. फोटो मोठा करून करून ते बघत होते. मी तशीच मागे फिरले. श्रावणात ते आपणहून म्हणाले, "मुंबईत चारपाच आहेत. रास्त वाटतायत." वर्षभरातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य असेल ते. मी त्याच दिवशी पिशवी भरली. गाडीशी मला काही कर्तव्य नव्हतं. मला झोपाळ्यावरून उठलेला नवरा हवा होता.

दादर

मुक्काम परळला माझ्या थोरल्या बहिणीकडे होता. ताई चाळीत चौथ्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट नाही. माझे गुडघे कसे आहेत हे तिला माहीत आहे, म्हणून ती रोज वरूनच हाक मारून धीर द्यायची.

पहिली गाडी दादरला, एका जुन्या इमारतीच्या आवारात, कव्हरखाली. मालक निवृत्त अधिकारी. बोलणं अगदी पुस्तकी आणि नम्र. कव्हर काढताना त्यांनी आम्हाला दोन पावलं मागे उभं केलं. गाडी खरोखर देखणी होती. पण जाहिरातीतली किंमत 'बोलणी करण्याजोगी' होती आणि बोलणी सुरू झाल्यावर ती वर जाऊ लागली. गाडी ही वस्तू नसून वारसा आहे, असं ते म्हणाले. मग त्यांनी आम्हालाच प्रश्न विचारले. गाडी कुठे ठेवणार, छप्पर आहे का, दमट हवेचं काय करणार. मुलगी बघायला जावं आणि आपलीच परीक्षा व्हावी तसं झालं. आमच्याकडे कुणी वस्तू बघायला आलं तर आधी पाण्याचा तांब्या आणि कोकम सरबत पुढे येतं. इथे गाडीच्या फोटोंचा अल्बम पुढे आला.

प्रकाशरावांनी बॉनेट उघडून बघितलं, परत लावलं, नमस्कार केला आणि चालू लागले. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "आतून काही करायचं शिल्लकच नाही." मला आधी कळलंच नाही की ही तक्रार होती. आम्ही दादरच्या एका जुन्या उपाहारगृहात पियुष प्यायलो. मी पाय टेबलाखाली चपलेतून काढून ठेवले.

रे रोड

ऑनलाइन जाहिरातींचं सगळंच दुरून डोंगर साजरे. रे रोडची गाडी फोटोत पांढरीशुभ्र होती. प्रत्यक्षात आम्ही लाकडाच्या वखारींमधून चिखल तुडवत गेलो तर एका पत्र्याच्या शेडमध्ये एक सांगाडा उभा होता. इंजिन कुठे आहे विचारल्यावर विकणारा म्हणाला, "इंजिन दुसऱ्या गाडीत आहे काका, टेन्शन नाय. तीन गाड्या आहेत, तिन्ही मिळून एक होते." फोटोतली गाडी यातली कुठली, असं मी विचारलं. तो म्हणाला, फोटो नेटवरचा आहे, लोकांना अंदाज यावा म्हणून.

मी चिडले. एवढी पायपीट करून अंदाज बघायला आले होते का मी? प्रकाशराव मात्र चिडलेही नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं. पूर्वी अशा माणसाला त्यांनी चार शब्द ऐकवले असते. आता ते नुसते वळले आणि पावसात चालू लागले, छत्री माझ्याकडे आहे हे विसरून.

संध्याकाळी ताईने माझ्या गुडघ्यांना तेल लावलं. सासर मालवणकडचं असल्यामुळे तिची बोली लग्नानंतर बदलली ती बदललीच. ती म्हणाली, "गो बाये, तुझ्या घोवाक गाडी मिळासर तुझे गुडघे ऱ्हवतले काय?" आतल्या खोलीत प्रकाशराव मोबाइल बघत होते. गाडी मिळेपर्यंत माझे गुडघे टिकतील का, हे त्यांनीही ऐकलं असणार. खोली केवढी ती.

माझगाव

माझगावच्या गाडीची मालकीण कोळीण होती. कानात सोन्याच्या जड कुड्या, खांद्यावर टॉवेल. घरात मासळीचा धंदा, आणि ही पद्मिनी त्यांनी कित्येक वर्षं धक्क्यावरून बाजारात मासळी न्यायला वापरली होती. तिने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि मगच गाडीकडे नेलं. सबंध प्रवासात पहिल्यांदा कुणीतरी माणसासारखं वागलं.

प्रकाशराव आत बसले. स्टिअरिंगवर हात ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं, जमलं बहुतेक. पण ते नुसता श्वास घेत होते. श्रावण होता, आमच्या घरात महिनाभर मासळी आली नव्हती, आणि त्या गाडीच्या गाद्यागाद्यांत बांगडा मुरलेला होता. मला इतक्या दिवसांनी हसू आलं.

मालकीण सरळ म्हणाली, "बाय, मी खोटं नाय सांगनार. वरून बरी दिसते, पन बर्फाच्या पान्यानं तळ खाल्लाय. पाय ठेवशील तर रस्त्यावर जाईल." प्रकाशरावांनी खालून बघितलं आणि मान डोलावली. खाऱ्या पाण्यापुढे इलाज नाही. निघताना तिने माझ्या हातात सुकटीची पुडी ठेवली आणि बजावलं, गौरी गेल्या की खा, आधी पिशवीतून काढू नको. काही विकत न घेता आम्ही तिच्याकडून देणं घेऊनच निघालो.

रस्त्यात प्रकाशराव म्हणाले, परत जाऊ या. आता कशाला बघायच्या, सगळ्या अशाच असणार. मी थकले होते, मलाही घरी जायचं होतं. पण झोपाळा डोळ्यांपुढे आला. मी म्हटलं, गिरगावची एक बघू. फोन करून ठेवलाय, जायला पाहिजे. खरं तर फोन केलेला नव्हता. तो मी त्यांच्या नकळत, पुढच्या सिग्नलला केला.

गिरगाव

जाहिरातीत लिहिलं होतं, 'पद्मिनी, एकच मालक, बंद अवस्थेत, पुढची डावी सीट नाही.' किंमत साधारण नव्या स्कूटरएवढी. इतकी प्रामाणिक जाहिरात बघून मला आता संशयच यायला लागला होता.

चाळ जुनी, लाकडी गॅलऱ्यांची, आणि बरीचशी रिकामी. गणपतीनंतर ती पाडायला घेणार होते. गाडी चौकात पत्र्याखाली उभी. मालकीण म्हणजे परुळेकरकाकू, पंच्याहत्तरीच्या असतील, नऊवारी नाही, गाऊनही नाही, कडक इस्त्रीची सुती साडी. यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नाही. जाहिरात भाच्याने टाकली होती. काकू आता बोरिवलीला भाड्याच्या खोलीत जाणार होत्या आणि तिथे गाडीला जागा नव्हती. हे सगळं त्यांनी जिना उतरता उतरता सांगून टाकलं.

प्रकाशरावांनी गाडीभोवती फेरी मारली. पत्रा ठोकून बघितला, चाकाखाली वाकले, पंख्याचा पट्टा हाताने ओढून इंजिन फिरतं का ते बघितलं. फिरलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मग त्यांनी डावं दार उघडलं. सीट नव्हती. सीटच्या जागी तळाला दोन लाकडी पट्ट्या स्क्रूने मारलेल्या होत्या.

"हे कुणी केलं?" ते म्हणाले. "पत्र्याला भोकं पाडून लाकूड मारलंय. सीट कुठाय?"

"सीट वर आहे. ती द्यायची नाही."

"मग किंमत कमी करा. सीटशिवाय गाडी कसली?"

काकूंचा चेहरा मिटला. त्यांनी शांतपणे सांगितलं की एक हॉटेलवाला येऊन गेलाय, तो दीडपट द्यायला तयार आहे. त्याला इंजिन काढून गाडी हॉटेलात ठेवायची आहे, आत टेबल मांडून. सीट नसली तर त्याला बरंच. प्रकाशराव म्हणाले, मग त्यालाच द्या, आणि हात पुसायला लागले.

माझ्यात आता त्राणच नव्हतं. मी गाडीच्या उघड्या दारात, उंबऱ्यावर बसावं तशी बसले. हात टेकायला गेला तो त्या पट्ट्यांवर. एका पट्टीच्या कडेला वाळलेलं कुंकू होतं. फटीत दूर्वेची काडी अडकलेली, आणि लाकडावर लाल रंगाचे जुने ओघळ. दोन पट्ट्यांमधलं अंतर मी वितीने मोजलं. आमच्याकडे गणपतीच्या शाळेत आपापला पाट आधी नेऊन द्यावा लागतो, त्यावरच मूर्ती घडते. तो पाट दरवर्षी माळ्यावरून मीच काढते, घासते, पुसते. त्याची रुंदी माझ्या हाताला पाठ आहे.

मी विचारलं, "काकू, इथे पाट बसतो का?"

काकू जिन्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "चला वर. चहा घ्या."

वर गॅलरीत त्यांनी सांगितलं. गाडी घेतल्याच्या पहिल्या वर्षी त्यांचा गणपती लालबागहून मांडीवर घेऊन येताना गचका बसला आणि सोंडेला तडा गेला. त्यांच्या यजमानांनी दुसऱ्या दिवशी सीट काढली आणि पट्ट्या मारल्या, पाट हलू नये म्हणून. मग चाळीतल्या सगळ्यांचेच गणपती त्या जागेवर बसून येऊ लागले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गाडीच्या खेपांवर खेपा. बाकी वर्षभर त्या जागी कुणी बसायचं नाही, काकूसुद्धा मागे बसायच्या. "लोक हसायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे परुळेकर हिचा ड्रायव्हर आहे की नवरा."

प्रकाशराव तोवर एका बुटक्या, रेक्झिनच्या खुर्चीवर बसले होते. सवयीने त्यांचा हात खाली गेला, सीट मागेपुढे करायचा दांडा शोधायला. दांडा मिळाला. ते ताडकन उठले. त्या सीटवर बसून काकूंचे यजमान शेवटपर्यंत रस्ता बघायचे.

"बसा," काकू म्हणाल्या. "बसण्यासाठीच आहे ती."

प्रकाशराव बसले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी सीटचा विषयही काढला नाही. काकूंनी मग खरी अट सांगितली. किंमत जाहिरातीत आहे तीच. पण गाडी न्यायच्या आधी तिने एकदा लालबागला जाऊन गणपती घेऊन यायला पाहिजे, या चाळीतला शेवटचा. दोन वर्षं गाडी बंद होती, गणपती टेम्पोतून आला, आणि त्यांना ते बरं वाटलं नव्हतं. जो गाडी चालती करील त्याची गाडी. हॉटेलवाल्याला चालती गाडी नकोच होती.

मी प्रकाशरावांकडे बघितलं. आमच्या घरी गणपती, दिवस थोडे, हृदयात स्प्रिंग बसवलेली. ते म्हणाले, "बघू." पण मी तेहतीस वर्षं संसार केलाय. हा 'बघू' झोपाळ्यावरचा नव्हता.

गिरगाव, पुन्हा पुन्हा

पुढचा आठवडा परळ ते गिरगाव असा गेला. प्रकाशराव सकाळी पोहे खाऊन निघायचे आणि मी डबा व गोळ्या घेऊन दुपारी जायचे. ते गाडीखाली, मी जिन्याच्या पायरीवर. नुसते पाय दिसायचे त्यांचे. पाय हलले नाहीत की मी हाक मारायची, अहो. ते आतून हूं म्हणायचे. तेवढ्यासाठी मी तिथे बसायचे.

आमच्याकडे माणूस अंगणात काम करत असला तर शेजारी विचारून पुढे जातो. चाळीत तसं नाही. उरलेली चार बिऱ्हाडं गॅलरीत उभी राहून दुरुस्ती बघायची, जशी काही मॅच चाललीय. कुणी म्हणायचं कार्बुरेटर, कुणी म्हणायचं पॉइंट. एकजण तर दुसऱ्या मजल्यावरून सूचना करायचा आणि प्रकाशरावांनी ऐकली नाही की बायकोकडे तक्रार करायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलं. पण साबुदाणावडेही वरूनच यायचे, दोरीला बांधलेल्या पिशवीतून, आणि ते गरम असायचे.

ऑपेरा हाऊसकडच्या स्पेअर पार्टच्या गल्ल्यांत प्रकाशराव मला घेऊन फिरले. ब्रेकचे रबर मिळाले, प्लग मिळाले, इंजिनाच्या पेट्रोल पंपाचा पडदा मात्र कुठेच मिळेना. जुन्या गाडीचं नकटीच्या लग्नासारखं असतं. शेवटी एका दुकानदाराने आतल्या खोक्यातून धुळकट डबी काढली. प्रकाशराव त्या माणसाशी भाव न करता बोलत बसले, गाड्यांबद्दल, पुराबद्दल नाही. मी दुकानाच्या पायरीवर बसून ऐकत होते आणि पाय इतके दुखत होते की उभी राहिले असते तर रडले असते. पण मी त्यांना घाई केली नाही.

पिठोरीच्या आदल्या दिवशी इंजिन खोकलं, काळा धूर सोडला आणि चालू झालं. गॅलरीतून टाळ्या पडल्या. काकू खाली आल्या नाहीत. वर बघितलं तर त्या सीटच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

लालबाग

ठरल्या दिवशी सकाळी निघालो. प्रकाशरावांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि डोक्यावर काकूंच्या यजमानांची काळी टोपी होती, कारण गणपती आणणाऱ्याच्या डोक्यावर टोपी हवी. काकू आणि मी मागे. गाडी एखाद्या आजारातून उठलेल्या माणसासारखी बेताबेताने चालली होती.

लालबागच्या कारखान्यात ताडपत्रीखाली ओल्या मातीचा आणि रंगाचा वास दाटला होता. ओळीने मूर्ती, प्रत्येकीच्या पाटावर मागच्या बाजूला नाव. कारागिराने काकूंना बघितलं आणि विचारलं, "गाडी आली?" काकू म्हणाल्या, "आली." त्याने हातातला ब्रश खाली ठेवला आणि पाट स्वतः उचलून आणला. पट्ट्यांमध्ये पाट असा बसला की जरा हलेना. मूर्तीच्या चेहऱ्यावर काकूंनी रेशमी उपरणं टाकलं. त्यांच्या हातात आता जोर नव्हता, म्हणून मी मागच्या सीटवरून पुढे वाकून दोन्ही हातांनी मूर्ती धरली. गुडघे पुढच्या लोखंडावर टेकले आणि ठणकू लागले. मी मनात म्हटलं, बाप्पा, तू नीट बस, माझं मी बघते.

भायखळ्याच्या पुलाच्या चढावर गाडी बंद पडली.

मागे बस होती, तिने हॉर्न लावला, मग आणखी चार गाड्यांनी. प्रकाशरावांनी दोनदा चावी फिरवली. काही नाही. त्यांच्या मानेवर घाम आला. गाडी राहू दे, यांना काही झालं तर? मला हात सोडवत नव्हते आणि पुढे जाता येत नव्हतं. तेवढ्यात बसचा ड्रायव्हर रागारागाने उतरून काचेशी आला, आत बघितलं, आणि हात जोडून परत गेला. हॉर्न थांबले. मागून सगळे मुकाट बाजूने जायला लागले.

"पंप तापलाय," प्रकाशराव म्हणाले. "ओलं फडकं लागेल. थोडं थांबावं लागेल." काकूंनी आपला रुमाल दिला, प्यायच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. प्रकाशरावांनी बॉनेट उघडून तो पंपावर गुंडाळला आणि परत येऊन आपल्या जागी बसले. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते आरशात बघत होते. आरशात मी होते, वाकलेली, घामाघूम, दोन्ही हातांत गणपती.

"नीट धरलंय ना?"

"हो."

मग ते आरशाकडे बघत म्हणाले, "आपली गाडी बुडत होती ना, तेव्हा मी जिन्यात उभा होतो. तू वर भांडी हलवत होतीस. पाणी टपावर गेलं आणि तिचे दिवे लागले. आपोआप. शॉर्ट होऊन. पाण्याखाली दोन्ही दिवे चालू होते. मला वाटलं, ती हाक मारतेय."

मी मूर्तीवरची पकड आणखी घट्ट केली.

"मी बघत राहिलो ते विझेपर्यंत. काय करणार होतो? पण कुणाला सांगितलं नाही. गाडीसाठी रडतो काय म्हणाले असते."

इतकी वर्षं मला वाटत होतं की यांना नोकरी गेल्याचं दुःख आहे, दुखण्याची भीती आहे. दिवे मला माहीतच नव्हते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. काकूंनी शेजारून पदराने माझे डोळे पुसले, एखाद्या पोरीचे पुसावेत तसे, आणि म्हणाल्या, "आता मारा चावी."

गाडी चालू झाली.

चाळीच्या दारात पाणी आणि भाकरतुकडा घेऊन बायका उभ्या होत्या. मूर्तीवरून ओवाळला, प्रकाशरावांवरून ओवाळला, आणि मग काकूंनी एक तुकडा गाडीवरून ओवाळून लांब टाकला. पाट चाळीतल्या दोघांनी उचलून वर नेला. मी खालीच राहिले. मला गुडघे सरळ करता येत नव्हते, आणि जरा एकटं बसायचंही होतं.

चिपळूण

हरतालिकेच्या दिवशी टेम्पोवर गाडी चढवून आम्ही घरी पोचलो. चाकरमान्यांच्या गाड्यांच्या रांगेत, टेम्पोच्या केबिनमध्ये काय हाल झाले, त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. निघताना काकूंनी कागदांवर सह्या केल्या, किल्ली दिली आणि त्या गॅलरीत जाऊन सीटवर बसल्या. हात हलवला नाही. वळणापर्यंत बघत मात्र होत्या.

यंदा मुंबईच्या गडबडीत आमचा पाट शाळेत द्यायचा राहिला होता, मूर्ती तिथल्याच फळीवर घडली होती; आणि घरचा पाट त्या पट्ट्यांमधल्या जागेपेक्षा बोटभर रुंद निघाला. मला वाटलं प्रकाशराव पट्ट्या सरकवतील, दोन स्क्रूंचं काम. त्यांनी रंधा काढला आणि सासूबाईंच्या वेळचा पाट तासला. मग शाळेतून गणपती गाडीनेच आला, आणि मी पुन्हा मागे, वाकून.

गाडीचं काम अजून वर्षभर पुरेल असं ते म्हणतात. म्हणताना खूश दिसतात. झोपाळ्यावर आता मी बसते, गुडघ्यांना तेल लावून. संध्याकाळी ते गाडी काढतात आणि वाशिष्ठीच्या पुलापर्यंत एक फेरी होते. पुढे जागा नसल्यामुळे मी मागे बसते, आणि सगळं बोलणं आरशातून होतं. समोरासमोर हा माणूस तेहतीस वर्षांत इतकं बोललेला नाही. आईबद्दल बोलतात, कारखान्याबद्दल बोलतात. एकदा पुलावर थांबून पाण्याकडे बघत दिव्यांची गोष्ट त्यांनी परत सांगितली, आणि या वेळी ती थोडी छोटी होती.

परवा मोबाइल बघत त्यांनी आरशातून विचारलं, "पनवेलला एक सीट आलीय. डावीच आहे. ओरिजिनल. तुझे गुडघे दुखतात मागे. घेऊ या का?"

मी म्हटलं, नको, फार महाग आहे.

किंमत त्यांनी अजून सांगितलीच नव्हती.